कृपादाने : केडगावचे संजीवन आणि कोल्हापूरचा वारसा

‘कृपादान’ हा शब्द मराठी ख्रिस्ती घरांत रोजच्या बोलण्यातला आहे. ग्रीक भाषेत ‘खारिस’ म्हणजे कृपा, आणि त्यापासून बनलेला ‘खारिस्मा’ म्हणजे पात्रता न पाहता केवळ कृपेने मिळालेले दान. संत पौलाने इसवी सन ५५च्या सुमारास करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात या दानांची सविस्तर चर्चा केली. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी योजलेला शब्द मुळाइतकाच नेमका उतरला आहे. ‘चमत्कार’ या शब्दात दिपवून टाकण्याचा भाव आहे. ‘कृपादान’ या शब्दात देणाऱ्याची आठवण आहे. या दानांपैकी जी अद्भुत म्हणून गणली जातात, म्हणजे अन्य भाषा बोलणे, त्या भाषांचा अर्थ सांगणे, ईश्वरी संदेश देणे, रोग बरे करणे, ती प्रेषितांच्या काळापुरतीच होती की आजच्या मंडळीलाही दिली जातात, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे.

हा वाद पाहायला कोल्हापूरकराला फार लांब जावे लागत नाही. रविवारी सकाळी शहरातील जुन्या, प्रेस्बिटेरियन परंपरेच्या चर्चमध्ये उपासना ठरलेल्या क्रमाने चालते. ‘उपासना संगीत’मधील गीत, शास्त्रपाठ, पाळकांचा उपदेश, दान, आशीर्वाद. आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होते, ती शांतपणे. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हणायचे. त्याच दिवशी संध्याकाळी उपनगरातल्या एखाद्या भाड्याच्या सभागृहात दुसरी मंडळी जमते. तिथे ढोलक आणि कीबोर्ड असतो, हात उंचावलेले असतात, सगळे जण एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात आणि त्या कल्लोळात मधूनच कोणाच्या तरी ओठांवर न कळणाऱ्या शब्दांची सर येते. मग साक्षी सुरू होतात. कोणाचा महिनाभराचा ताप उतरलेला असतो, कोणाची दारू सुटलेली असते. सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे जाणारी घरेही आहेत. अशा घरात आजी आणि नात यांच्यामध्ये जेवणाच्या ताटावर होणारी चर्चा ही अनेकदा दोन हजार वर्षांच्या वादाचीच छोटी आवृत्ती असते, म्हणून त्या वादाची मांडणी नीट माहीत असणे बरे.

दानांची एकच एक यादी नव्या करारात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात नऊ दाने येतात : ज्ञानाचे व विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करण्याची दाने, अद्भुत कृत्ये, संदेश, आत्मे ओळखणे, निरनिराळ्या भाषा आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे. त्याच अध्यायाच्या अखेरीस पौल आणखी काही दाने जोडतो, आणि त्यांत दुसऱ्याला साहाय्य करणे व व्यवस्था पाहणे हीही आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दानधर्म करणे आणि दया करणे ही दाने म्हणून येतात. पेत्र तर बोलण्याची आणि सेवेची असे दोनच वर्ग करतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. हिशेब चोख ठेवणारा कारभारी आणि अन्य भाषेत बोलणारा भक्त यांना पौलाने एकाच माळेत ओवले आहे. पुढच्या काळात वाद झाला तो या माळेतल्या मोजक्या मण्यांवरून.

भाषांच्या दानाविषयी आणखी एक भेद करावा लागतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत जमलेले परदेशी यात्रेकरू आपापली मायबोली शिष्यांच्या तोंडून ऐकतात. न शिकलेली, परंतु जगात कोठेतरी बोलली जाणारी अशी ही भाषा. तिला आपण ‘परभाषावचन’ म्हणू. करिंथमध्ये मात्र बोलणाऱ्यालाही अर्थ कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही, म्हणून पौल अर्थ सांगणारा असल्याशिवाय सभेत तसे बोलू देत नाही. त्याला ‘अज्ञातभाषण’ म्हणता येईल. आज जगभरच्या पेन्टेकॉस्टल, म्हणजे या दानांवर भर देणाऱ्या, मंडळ्यांत आढळते ते बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे. टोरांटो येथील भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी अशा उच्चारांचा प्रदीर्घ अभ्यास करून १९७२ साली निष्कर्ष मांडला, की त्यांत भाषेचा ताल आणि चढउतार असतो, ध्वनी बोलणाऱ्याच्या परिचयाचे असतात, परंतु शब्द आणि अर्थ यांची सांगड घालणारी व्याकरणरचना आढळत नाही. याचा अर्थ ही प्रार्थना खोटी असा होत नाही. हृदयातले सगळेच व्याकरणात मावते असे नाही, हे ओव्या-अभंगांवर वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र तिला परकीय भाषेचे ज्ञान म्हणता येणार नाही.

दाने थांबली, असे मानणाऱ्या मताला ‘विरामवाद’ आणि ती चालू आहेत, असे मानणाऱ्या मताला ‘सातत्यवाद’ अशी नावे योजता येतील. विरामवाद हा आधुनिक काळातला शोध आहे असे काही जण समजतात. ते बरोबर नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचा बिशप इरेनियस आपल्या काळात अशी दाने असल्याचे लिहितो. त्यानंतर दोनशे वर्षांनी अंत्युखियाचा थोर उपदेशक ख्रिसोस्तम करिंथकरांच्या त्याच अध्यायावर बोलताना कबूल करतो, की हा भाग दुर्बोध झाला आहे, कारण त्या वेळी घडणाऱ्या गोष्टी आता घडत नाहीत. संत ऑगस्टिनचे उदाहरण तर फारच उद्बोधक आहे. तरुणपणी त्याने लिहिले होते, की चमत्कारांचा काळ सरला. म्हातारपणी, बिशप या नात्याने, आपल्या हिप्पो शहरात रोगी बरे झाल्याच्या हकिगती तो लेखी नोंदवून घेऊ लागला आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आत अशा सुमारे ७० नोंदी जमल्याचे त्याने आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात सांगितले. आपले आधीचे विधान त्याने जाहीरपणे दुरुस्त केले. विचारवंताने पुराव्यापुढे मत बदलावे, याचा हा नमुना आहे, आणि त्याने पुरावा लिहून ठेवण्याची पद्धत घातली हे त्याहून मोठे.

रोमन कॅथलिक परंपरेने चमत्कार थांबले, असे कधीच मानले नाही. संतपद देण्याच्या प्रक्रियेत तर चमत्काराची चौकशी हा एक टप्पाच असतो. गोव्यात बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ यांना १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद मिळाले, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली होती. जुन्या गोव्यात ज्यांचा देह ठेवला आहे ते फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी पुढच्या चरित्रकारांनी लिहिले, की त्यांना परभाषांचे दान होते. त्यांची स्वतःची पत्रे वेगळेच सांगतात. मासेमारी किनाऱ्यावर काम करताना तमिळ येत नसल्याने त्यांनी जाणकारांना जमवून प्रार्थना भाषांतरित करून घेतल्या आणि त्या पाठ करून गावोगाव म्हटल्या. पाठांतराचे हे कष्ट झाकून त्या जागी चमत्कार बसवला, तर संताची उंची कमीच होते असे मला वाटते.

सोळाव्या शतकातील सुधारणावाद्यांना मात्र चमत्कारांच्या प्रश्नाला टोकदारपणे सामोरे जावे लागले. तुमच्या शिकवणीच्या पाठीशी चमत्कार कोठे आहेत, असे रोमच्या बाजूने विचारले जाई. जॉन कॅल्व्हिनने उत्तर दिले, की आम्ही नवी सुवार्ता सांगत नाही. प्रेषितांच्या सुवार्तेवर चमत्कारांची मोहोर तेव्हाच उमटली आहे. रोग बरे करण्याचे दान त्या काळापुरते होते, असे त्याने स्पष्ट म्हटले. १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासप्रकटनात, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या पायाभूत दस्तऐवजात, ईश्वराने आपली इच्छा प्रकट करण्याचे जुने मार्ग आता बंद झाले असून ते प्रकटन शास्त्रात लेखी आले आहे, अशा आशयाचा विचार पहिल्याच अध्यायात येतो. विरामवादाची सर्वांत रेखीव मांडणी अमेरिकेतील प्रिन्स्टन धर्मविद्यालयाचे प्राध्यापक बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ साली केली. त्यांच्या मते अद्भुत दाने ही प्रेषितांच्या अधिकाराची ओळखपत्रे होती. प्रेषितांनी ज्यांच्यावर हात ठेवले त्यांच्यापर्यंत ती पोहोचली, आणि ती पिढी गेल्यावर संपली. वॉरफिल्ड यांच्यावर एक अन्याय नेहमी होतो. ईश्वर प्रार्थना ऐकून रोग्याला बरे करतो, हे त्यांनी कधीही नाकारले नाही. तसे सामर्थ्य एखाद्या माणसाच्या हाती सोपवलेले असते, एवढेच त्यांना अमान्य होते.

या प्रिन्स्टनशी कोल्हापूरचा संबंध जुना आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. काही वर्षे त्यांनी कोणत्याही मंडळाच्या आधाराविना काम चालवले, आणि १८७० साली कोल्हापूर मिशन अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, इस्लामपूर, रत्नागिरी, वेंगुर्ले अशी ठाणी त्यातून पुढे उभी राहिली. वायल्डर परत गेले ते प्रिन्स्टनला, आणि तेथून त्यांनी १८७८ साली ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिक काढले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. १८८६ साली प्रिन्स्टनमधून पदवी घेतलेल्या या तरुणाच्या खटपटीतून अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. सांगायचे ते एवढेच, की कोल्हापूरच्या मंडळीला मिळालेले धर्मशिक्षण या घरातले होते : शास्त्राचे वाचन, शाळा, शिस्त, आणि अद्भुताविषयी संयम.

या संयमाचा अर्थ मंडळीने रोग्याकडे पाठ फिरवली असा मात्र झाला नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली याच मिशनमार्फत भारतात आले आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उघडले. पुढे तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. आज वानलेसवाडी हे गावाचे नाव त्याची आठवण देते. कोल्हापुरातले मेरी वानलेस रुग्णालय त्याच परंपरेतले. आमच्या भागातल्या कित्येक वृद्धांना मिरजेचा दवाखाना हाच खरा चमत्कार वाटत आला आहे. मोतीबिंदू काढलेला माणूस पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हाताची बोटे मोजतो, ते दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला हे सांगावे लागत नाही. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची आणि मग हत्यार हातात घ्यायचे, हा त्या घराण्याचा रिवाज होता. रोग बरे करण्याच्या दानाला प्रेस्बिटेरियनांनी दिलेले ते उत्तरच म्हटले पाहिजे.

आणि याच मराठी मुलखात, मिरजेपासून काही तासांच्या रेल्वेप्रवासावर, त्या काळात अगदी निराळी घटना घडली. तिची नोंद जगाच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. महाराष्ट्रातल्या सुशिक्षितांना मात्र ती क्वचितच माहीत असते.

पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांचे पांडित्य, ‘स्त्रीधर्मनीती’, १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन, हे सारे शालेय पुस्तकांतूनही येते. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा मिळून विसाव्या शतकाच्या आरंभी दीड-दोन हजार जणी राहत होत्या. १९०४च्या अखेरीस वेल्समध्ये मोठे धर्मसंजीवन सुरू झाल्याची वार्ता आली. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी रोज सकाळी विशेष प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या होत्या.

२९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास जे झाले, ते रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी लिहून ठेवले आहे. एका मोठ्या मुलीला झोपेतून जागे होताना आपल्या अंगावर अग्नी उतरल्यासारखे वाटले. खोलीतल्या दुसऱ्या मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत खोलीच्या पलीकडे गेली, पाण्याची बादली उचलली आणि ओतणार तोच तिच्या ध्यानात आले, की हिला खरोखरची आग लागलेली नाही. ही हकिगत वाचताना माझे मन अग्नीपेक्षा बादलीवरच अधिक रेंगाळते. दुष्काळ आणि उपासमार भोगलेल्या त्या मुलीने आधी केले ते माणूस वाचवण्याचे काम; आश्चर्य नंतर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांत पद्धतीने शिकवत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस शाळेचे वर्ग प्रार्थनेचे वर्ग झाले. चोरी, खोटे बोलणे, भांडण यांची कबुली मुली आपण होऊन देऊ लागल्या. त्यांच्या मंडळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या.

अन्य भाषांचे दान तेथे प्रकटले ते १९०६च्या अखेरीस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या नेतृत्वाखाली पेन्टेकॉस्टल चळवळीचा प्रसिद्ध आरंभ झाला होता. तरी भारतातले संजीवन हे केवळ त्याचे पडसाद नव्हते. १८६० साली तिरुनेलवेली भागात जॉन ख्रिश्चन अरुलप्पन यांच्या मंडळ्यांत भाषांची आणि संदेशाची दाने दिसल्याच्या नोंदी आहेत. १९०५ साली खासी टेकड्यांतील वेल्श प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतही संजीवनाची लाट आली. प्रेस्बिटेरियन असणे आणि आत्म्याच्या आवेगाने हलून जाणे यांत जन्मजात विरोध नाही, हे खासी उदाहरणावरून दिसते. दौंडचे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी मुक्तीत इंग्रजी न येणाऱ्या मुलीच्या तोंडून इंग्रजी स्तुती ऐकल्याचे लिहिले आहे. ही एका प्रत्यक्षदर्शीची साक्ष आहे. तिला साक्षीचे मोल द्यावे, आणि तपासून पाहण्याचे साधन आज आपल्या हाती नाही हेही मान्य करावे.

अब्रॅम्स यांनी या अनुभवांवर १९०६ साली इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत त्यांनी दक्षिण अमेरिकेत चिलीमधील वालपाराइसो येथे आपल्या जुन्या सहाध्यायिनीला, मे लुईझ हूव्हर यांना पाठवली. त्यांचे पती विलिस हूव्हर हे मेथडिस्ट पाळक होते. ती पुस्तिका वाचून तेथे प्रार्थना सुरू झाली आणि १९०९ साली चिलीत जे संजीवन झाले, त्यातून त्या देशातील पेन्टेकॉस्टल मंडळ्या जन्माला आल्या. केडगावच्या मुलींच्या प्रार्थनेचा धागा असा वालपाराइसोपर्यंत पोहोचला आहे. महाराष्ट्राने जगाला काय दिले याच्या याद्यांत याचा उल्लेख मला आजवर आढळलेला नाही. तो असायला हवा.

या सगळ्यात रमाबाईंनी घेतलेली भूमिका मला वादाच्या दोन्ही टोकांपेक्षा अधिक पक्व वाटते. मुलींच्या मोठ्याने रडण्या-ओरडण्यावर, अंग थरथरण्यावर पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी आक्षेप घेतले, तेव्हा रमाबाईंनी आपल्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेतून १९०७ साली उत्तर दिले. भारतीय माणसाचे दुःख आणि आनंद अंगावाटे बाहेर येतात. देवाने त्याला तसे घडवले आहे, तेव्हा त्याचे संजीवन युरोपीय शिष्टाचाराच्या साच्यात बसवू नये, असा त्यांचा आशय होता. त्याच वेळी अन्य भाषांविषयी त्यांनी सांगितले, की हे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याच्या चिन्हांपैकी एक जरूर आहे, पण तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे असे मानायला शास्त्रात आधार नाही. खरी खूण प्रीती आणि पवित्र आचरण ही. पुढे १९१४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या असेम्ब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेन्टेकॉस्टल संघटनेने १९१६च्या आपल्या विश्वासप्रकटनात नेमके उलटे ठरवले : अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे पहिले बाह्य चिन्ह. या एका वाक्याने जगभर कित्येक साध्या भाविकांच्या मनात, मला भाषा मिळाली नाही म्हणजे माझ्यात काही उणे आहे का, अशी बोच निर्माण केली. कोल्हापूर भागातल्या मंडळ्यांतही ही बोच आहे. रमाबाईंचे वाक्य त्यांच्या कानी पडले असते, तर पुष्कळ जणांना मोकळे वाटले असते.

मराठी वाचकाला येथे आणखी एक शंका येते आणि ती रास्त आहे : हे ‘अंगात येणे’ नव्हे का? चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर ढोल आणि सनई यांच्या गजरात भक्त झुलताना ज्याने पाहिला आहे, त्याला तुलना सुचणारच. करिंथ हेही मंदिरांचे शहर होते, आणि तेथील नवख्रिस्ती त्याच वातावरणातून आले होते. म्हणून पौलाने नियम घालून दिले. दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक बोलावे; अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे; इतरांनी पारख करावी. संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या स्वाधीन असतो, असे त्याचे म्हणणे होते. अंगात आलेला माणूस आपल्या ताब्यात नसतो, अशी आपल्याकडची समजूत. पौलाच्या मते दान मिळालेला माणूस थांबू शकतो, आणि वेळ आली की त्याने थांबायचे असते. हा फरक ज्या मंडळीत पाळला जात नाही, तिला पौलाचा आधार घेता येणार नाही.

शास्त्रवचनांचा वाद शेवटी एका शब्दावर येतो. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या १३व्या अध्यायात पौल म्हणतो, की पूर्णत्व आले म्हणजे भाषा, संदेश हे अपुरे सारे मागे पडेल. विरामवादी सांगतात, हे पूर्णत्व म्हणजे पूर्ण झालेला शास्त्रसंग्रह. सातत्यवादी सांगतात, ते ख्रिस्ताचे पुनरागमन, कारण त्याच ठिकाणी समोरासमोर पाहण्याची भाषा आहे. मला दुसरा अर्थ सरळ वाटतो. हे पत्र ज्यांनी प्रथम ऐकले, त्या करिंथकरांच्या मनात नव्या कराराचा एकत्र ग्रंथ असणे शक्य नव्हते. तेव्हा ‘थांबली’ असे शास्त्राच्या आधारे ठामपणे म्हणता येत नाही. पण अमक्या सभेत अमक्याने दाखवले ते दानच होते, हेही त्यातून सिद्ध होत नाही. दार उघडे आहे, एवढ्यावरून आत कोण आले ते ठरत नाही.

रोगमुक्तीच्या बाबतीत ही पारख जीवनमरणाची ठरते. २००६ साली अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर प्रार्थनेच्या परिणामाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात तर ती किंचित अधिक आढळली. ईश्वराला प्रयोगात बसवता येत नाही, असे श्रद्धावान म्हणेल, आणि ते तर्काला धरून आहे. मग त्याच तर्काने, अमुक दिवशी अमुक सभेत रोग बरा होणारच, असे आश्वासनही कोणाला देता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर डिसेंबर २०१३मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व पैसा मिळवणे हा गुन्हा ठरवला आहे. ज्याने कोणाला शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान होत नाही अशा मंदिर, दर्गा, चर्च यांतील प्रार्थनेला आणि दिवंगत संतांच्या चमत्कारकथा सांगण्याला त्याने हात लावलेला नाही. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी. ते दोन्ही परंपरांना मान्य आहे. पण मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन सोडायला सांगणारा, क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर बंद करायला लावणारा उपदेशक कोणत्याही नावाने बोलत असला, तरी त्याला थांबवणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. ज्या मंडळीने मिरजेचा दवाखाना पाहिला, तिने तरी यात कचरू नये.

रमाबाईंच्या आयुष्याचा शेवटचा मोठा उद्योग मला या संदर्भात नेहमी आठवतो. ज्या आवारात मुली न शिकलेल्या भाषांत प्रार्थना करीत होत्या, त्याच आवारात संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचे व्याकरण घोकत होती. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल मूळ भाषांवरून आणायचे, हा त्यांचा संकल्प होता. हे काम कोणत्याही संजीवनाने आयते दिले नाही. त्याला वर्षानुवर्षे लागली. प्रकृती ढासळली होती, १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती, तरी मुद्रिते तपासणे चालू राहिले. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे मराठी बायबल १९२४ साली केडगावच्याच मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले. कृपादानांच्या अध्यायासह त्याच्या पानांचे खिळे जुळवले होते ते आश्रमातल्या मुलींनी आणि स्त्रियांनी.